वलगाव, आसेगाव, परतवाडा, मग चिखलदरा

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की दहा-बारा किलोमीटरवर वलगाव येतं, तीसेक किलोमीटरवर पूर्णेकाठचं आसेगाव, पन्नासच्या सुमारास परतवाडा आणि ऐंशीच्या आसपास चिखलदरा. हौशी सायकलस्वारानं आपलं अंतर कसं वाढवत न्यावं हे शिकायला वऱ्हाडात याहून चांगला रस्ता नाही. पहिली तीन गावं सपाटीवर आहेत. चौथं समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर. परतवाडा-अचलपूरची उंची ३७० मीटरच्या जवळपास, म्हणजे शेवटच्या तीस किलोमीटरांत सायकल आणि तिच्यावरचा माणूस सव्वासातशे-साडेसातशे मीटर वर जातात.

रविवारी सकाळी चहाच्या टपरीवर सायकलवाले भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आज किती मारले? कुणी म्हणतं तीस, कुणी पन्नास, कुणी शंभर. त्या आकड्याचा अभिमान रास्तच आहे. पण शरीराकडे किलोमीटर मोजायचं यंत्र नाही. त्याला कळतं ते एवढंच, की किती वेळ आणि किती जोरानं काम केलं, आणि नंतर विश्रांती किती मिळाली. चिखलदऱ्याच्या रस्त्यावर हा फरक स्पष्ट दिसतो, म्हणून त्याचं गणित एकदा मांडून पाहू.

माणूस, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून ८५ किलो वजन धरा. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी २० किलोमीटरनं जाताना दोनच गोष्टी विरोध करतात: टायरचं रस्त्याशी होणारं घर्षण आणि समोरची हवा. दोन्ही मिळून साधारण १२ न्यूटन. या हिशोबानं एका किलोमीटरला १२ किलोजूल काम पडतं आणि पायांना सुमारे ७० वॅट शक्ती लावावी लागते. धडधाकट माणूस हे तासन्‌तास करू शकतो. आता तेच ८५ किलो ७५० मीटर वर उचलायचे तर गुरुत्वाकर्षणाशी होणारं कामच सव्वासहाशे किलोजूल होतं. त्यात तीस किलोमीटरचं घर्षण आणि संथ वेगामुळे कमी झालेला हवेचा विरोध मिळवला की बेरीज आठशेच्या वर जाते. परतवाडा ते चिखलदरा हे तीस किलोमीटर पायांना सपाटीवरच्या ६५ ते ७० किलोमीटरएवढे पडतात. वहीत ‘तीस’ लिहिलं तरी मांड्या सत्तरचा हिशोब मागतात.

शिवाय चढ सारखा वाटलेला नाही. धामणगाव गढीपर्यंतचा रस्ता बराचसा सौम्य, खरा घाट त्यानंतर. पाच टक्क्यांच्या चढावर, म्हणजे शंभर मीटरला पाच मीटर उंची, नुसतं गुरुत्वाकर्षणच ४० न्यूटनहून जास्त जोरानं मागे ओढतं. सपाटीवरच्या सगळ्या विरोधाच्या हे तिप्पट-चौपट झालं. तिथे ताशी १० किलोमीटरला १३५ वॅट लागतात, २० ला जवळपास ३००. एवढी शक्ती तासभर टिकवणारे हौशी सायकलस्वार फार थोडे. म्हणून घाटात वेग निम्मा झाला तर त्याबद्दल वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. ज्यांना ते वाटतं ते पहिल्या दोन वळणांत जोर लावतात आणि पुढे सायकल हातात धरून चालतात.

गिअरचा उपयोगही इथेच कळतो. पूर्वीच्या काळ्या साध्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दात असत. पॅडलच्या एका फेऱ्यात ती साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जायची. घाटात ताशी १० चा वेग ठेवायचा तर मिनिटाला तीसच फेरे पडतात आणि प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर सगळा भार येतो. पुढे ३४ आणि मागे ३२ दातांचा गिअर असेल तर तोच वेग पंचाहत्तर हलक्या फेऱ्यांत मिळतो. एकूण काम तेवढंच राहतं, पण दर फेऱ्यामागचा जोर निम्म्याहून कमी होतो. मांडीचे स्नायू त्यामुळे उशिरा थकतात आणि गुडघा वाचतो. चिखलदऱ्याला जायचं मनात असेल तर महागड्या हलक्या सायकलीवर खर्च करण्याआधी मागचं मोठं दातचक्र बसवून घ्या, असंच मी सांगेन. दोन किलो वजन कमी केल्यानं या चढावर फक्त दोन-अडीच टक्के काम वाचतं.

सपाटीलाही कमी लेखू नये. वलगाव सोडल्यावर पूर्णेच्या खोऱ्यातला काळ्या मातीचा मोकळा पट्टा सुरू होतो. कापूस, तूर, सोयाबीन. वारा अडवायला फारसं काही नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. तुम्ही ताशी २० नं जात असताना समोरून ताशी १० चा वारा आला, तर हवेच्या दृष्टीनं तुमचा वेग ३० झाला. एकूण विरोध पावणेदोन पट होतो. त्या दिवशीचं आसेगाव परवाच्या आसेगावापेक्षा खूप लांब असतं. चौघं मिळून गेलं आणि आळीपाळीनं पुढे राहिलं की मागच्यांचा भार बराच हलका होतो. रविवारी गटानं जाण्याला गप्पांइतकंच हेही कारण आहे.

आता शरीर या कामाला तयार कसं होतं ते पाहू, कारण अंतर किती आणि केव्हा वाढवायचं याचं उत्तर तिथे आहे. नियमित सायकल सुरू केल्यावर सगळ्यात आधी बदलतं ते रक्त. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच त्यातला द्रवभाग वाढतो, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं आणि त्याच वेगाला नाडी कमी पडते. वलगाव एकदम सोपं वाटायला लागतं ते या दिवसांत. स्नायूंच्या आतला बदल यायला मात्र काही आठवडे जातात. सेंट लुईसच्या जॉन होलोसी यांनी १९६७ मध्ये उंदरांना बारा आठवडे पळवलं आणि त्यांच्या स्नायूंतल्या मायटोकाँड्रियांची, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांची, ऑक्सिजन वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट झाल्याचं दाखवलं. व्यायामानं स्नायूंची आतली यंत्रणाच बदलते याचा तो भक्कम पुरावा होता. स्नायूभोवतीच्या केशवाहिन्याही याच काळात वाढतात. सगळ्यात संथ असतात ते कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट पट्टे. त्यांना महिने लागतात. दम वाढलेला असतो, मांड्या मागतात, आणि गुडघ्याखालचा कंडरा अजून तयार नसतो. उत्साही माणसाचं गुडघेदुखणं बहुतेक वेळा या मधल्या काळात उगवतं, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सगळं छान चाललेलं असताना.

यावर सांगितला जाणारा उपाय म्हणजे आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. नियम सुटसुटीत आहे, सात-आठ आठवड्यांत अंतर दुप्पट होतं. पण हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथे पाचशेहून अधिक नवशिक्या धावणाऱ्यांवर त्याची परीक्षा झाली. एका गटानं तेरा आठवडे दहा टक्क्यांच्या हिशोबानं वाढ केली, दुसऱ्यानं आठ आठवड्यांत पल्ला गाठला. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आला: दोन्ही गटांत दुखापतींचं प्रमाण सारखंच, पाचातल्या एकाला. धावणं आणि सायकल वेगळी हे खरं, सायकलमध्ये जमिनीचा आदळा नसतो. तरी यावरून मला एक गोष्ट पटते. टक्का पाळला म्हणून कुणी सुरक्षित होत नाही. आठवड्याला वीस किलोमीटर चालवणाऱ्यानं दोनच किलोमीटर वाढवण्यात अर्थ नाही, आणि अडीचशे चालवणाऱ्याला पंचवीसची भर जड जाऊ शकते. त्यापेक्षा तास मोजावेत, दर तीन आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम हलका ठेवावा, आणि चढ व अंतर एकाच आठवड्यात वाढवू नये.

पोळ्यापासून दिवाळीनंतरच्या थंडीपर्यंतचा काळ यासाठी उत्तम आहे. आठवड्यात दोन सकाळी तासभर, शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता येतील एवढ्याच वेगानं. हा वेग अनेकांना फारच कमी वाटतो. पण या वेगाला शरीर चरबी जास्त जाळतं आणि थकवा एका दिवसात उतरतो, म्हणून उद्या पुन्हा निघता येतं. रविवार लांबच्या फेरीचा. वलगाव करून परत आलं की पंचवीस किलोमीटर होतात, तिथे दोन-तीन रविवार. मग आसेगावपर्यंत जाऊन परत, साठ. इथे थोडं जास्त रेंगाळावं, कारण तीन तासांच्या पुढे हाताचे तळवे, मान आणि सीटवर बसायची हाडं यांच्या तक्रारी सुरू होतात आणि सीटची उंची बरोबर आहे की नाही ते कळतं. नंतर परतवाडा जाऊन-येऊन शंभर. शंभरानंतर सरळ चिखलदऱ्याचा बेत आखू नये. आधी सायकल गाडीत टाकून परतवाड्याला न्यावी आणि नुसता घाट ताज्या पायांनी चढून पाहावा. अडीच-तीन तास लागले तरी चालेल. दोन-तीनदा हे झालं की पूर्ण पल्ल्याचा अंदाज स्वतःच्या पायांवरून बांधता येतो.

त्या पूर्ण पल्ल्याला, अमरावतीहून निघून त्याच दिवशी परत, १६० किलोमीटरला सुमारे दोन हजार किलोजूल काम होतं. स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी २०-२५ टक्केच पॅडलपर्यंत पोचवतात आणि एका किलोकॅलरीत ४.२ किलोजूल असतात. हे दोन आकडे एकमेकांना जवळजवळ कापतात. त्यामुळे दोन हजार किलोजूल कामाला दोन हजारांहून थोड्या जास्त किलोकॅलरी लागतात, रोजच्या जेवणाखेरीज सहा मोठ्या ज्वारीच्या भाकरी. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली साखरही साधारण तेवढीच, दोनेक हजार. चरबी सत्तर हजारांच्या वर, पण ती संथपणे जळते आणि घाटासारख्या जोराच्या कामाला एकटी पुरत नाही. साखर संपली की पाय अक्षरशः थांबतात, डोकं हलकं होतं.

हा साठा वाढवता येतो हे दोन स्वीडिश डॉक्टरांनी स्वतःवरच शोधून काढलं. योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हल्टमन एकाच सायकलयंत्राच्या दोन बाजूंना बसले. दोघांनीही एकेकच पाय वापरून दमेपर्यंत पॅडल मारलं, दुसरा पाय विश्रांतीत. नंतर तीन दिवस भरपूर पिष्टमय आहार घेतला आणि सुईनं दोन्ही मांड्यांतले स्नायूंचे कण काढून तपासले. दमलेल्या पायात ग्लायकोजेन न दमलेल्या पायाच्या दुपटीच्या घरात गेलं होतं. १९६६ साली छापलेल्या या छोट्या निबंधावर पुढचं सगळं क्रीडा-आहारशास्त्र उभं राहिलं. आपल्यासाठी त्याचा अर्थ सोपा आहे. मोठ्या फेरीआधीचे दोन दिवस पाय हलके ठेवायचे, भात-भाकरी हात आखडता न घेता खायची, आणि निघाल्यावर भूक लागायची वाट न पाहता दर तासाला दोन केळी किंवा तेवढाच गूळ. अचलपूर-चांदूर बाजारकडची संत्रीही चांगली, पण एका संत्र्यात केळ्याच्या जेमतेम निम्मी साखर असते.

उष्णतेचा विचार वऱ्हाडात टाळता येत नाही. पॅडलवर न पोचलेली तीन-चतुर्थांश ऊर्जा उष्णता होऊन अंगात राहते. घाटात १३५ वॅट काम करणारं शरीर साडेचारशे वॅट उष्णता तयार करतं आणि ती घालवायला तासाला पाऊण लिटर घाम पूर्ण वाळावा लागतो. वेग ९-१० वर आलेला असल्यानं अंगाला वारा लागत नाही, घाम वाळण्याऐवजी ठिबकतो आणि ठिबकलेला घाम थंडावा देत नाही. वर पोचल्यावर हवा पाच-सहा अंशांनी थंड असते, पण मधला घाट उन्हात जातो. एप्रिल-मे महिन्यांत अमरावती-अकोल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा हा बेत करूच नये. थंडीतही पहाटे निघून ऊन चढायच्या आत घाट संपवावा.

एवढं जमलं की पुढचं टोक दिसायला लागतं. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, या प्रकारातला पहिला टप्पा २०० किलोमीटरचा, साडेतेरा तासांत. थांबे धरून ताशी पंधराचाही वेग लागत नाही. मग ३००, ४००, ६००. फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस, १८९१ पासूनची, १,२०० किलोमीटर नव्वद तासांत. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर जाणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीनं पूर्ण केली आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्यानं, बारा दिवसांच्या मुदतीत. रोज चारशे किलोमीटर! विदर्भाच्या उन्हात, आपल्यासारख्याच रस्त्यांवर तयार झालेल्या माणसानं ते केलं याचा मला फार आनंद वाटतो. १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ चालवणाऱ्या अमरावतीला तर शरीर हळूहळू घडवण्याची सवय जुनीच आहे.

चिखलदऱ्याहून परतताना एक गोष्ट सांभाळायची आहे. पाच टक्के उतारावर ब्रेक न लावता सोडलेली सायकल ताशी ४५ च्या आसपास स्थिरावते, कारण त्या वेगाला हवेचा विरोध आणि उताराची ओढ सारखी होते. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं. २० ला जितकं लागेल त्याच्या चौपट ४० ला. घाटात वळणापलीकडून एसटी येते, रस्त्यात माकडं आणि गुरं असतात, मेळघाटचं जंगल लागून आहे. वेग वळणाआधी कमी करावा, वळणात नव्हे. ब्रेक सतत दाबून ठेवले तर चाकाची कड किंवा डिस्क तापते, म्हणून दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. चढताना भिजलेला शर्ट उतारावरच्या वाऱ्यात बोटं बधिर करतो आणि बधिर बोटांनी ब्रेक नीट लागत नाही. पातळ वारारोधक जाकीट खिशात ठेवा. ते नसेल तर छातीवर, शर्टाच्या आत वर्तमानपत्राची घडी घाला. आल्प्समधले शर्यतपटू कित्येक दशकं हेच करत आले. दुपारी उशीर झाला असेल तर खुशाल वर मुक्काम करावा आणि अंधारात जंगलातून उतरण्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी निघावं.