कामावर परतायचं नसेल तर?

नोकरदार बाई आणि कायदा : लेखांक ६

मागच्या आठवड्यात प्रसूती रजा कोणाला आणि किती मिळते, ते पाहिलं. आज त्याच रजेच्या शेवटाकडे वळू. बाळ चार-पाच महिन्यांचं झालेलं असतं. चांगलं पाळणाघर परवडत नाही, आजी-आजोबा गावाकडे, आणि घरात ठरतं की इतक्यात नोकरी नको. तसं कळवलं की एचआरकडून उत्तर येतं : ‘रजेनंतर किमान एक वर्ष काम करीन’ असं तुम्ही लिहून दिलं होतं, तेव्हा रुजू होणार नसाल तर रजेतला पगार परत करा. सहा महिन्यांच्या पगाराचा आकडा पाहून भल्याभल्या घाबरतात. काही जणी मनाविरुद्ध कामावर जातात, काही जणी कर्ज काढून पैसे भरतात.

म्हणून उत्तर आधी सांगून टाकते. कायद्याने दिलेल्या २६ आठवड्यांच्या पगारातला एक रुपयाही परत करावा लागत नाही.

याचं कारण हक्काच्या अटीतच आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने एकच हिशेब मांडला : प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं असावं. अट मागे झालेल्या कामाची आहे, पुढे करायच्या कामाची नाही. ऊसतोड कामगाराला मुकादम हंगामाआधी देतो तशी ही उचल नव्हे, की जी पुढे राबून फेडायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आला. ८० दिवसांची अट आणि २६ आठवडे तिथेही कायम आहेत, आणि ‘परतली नाही तर वसुली’ असं कलम तिथेही नाही.

मग लिहून दिलेल्या कागदाचं काय? कायद्यापेक्षा कमी देणारा करार कायद्यापुढे टिकत नाही, असं १९६१ च्या कायद्याच्या कलम २७ मध्ये स्पष्ट म्हटलं होतं. शिवाय कायद्याचा हेतूच हाणून पाडणारा करार रद्दबातल ठरतो, हे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २३ सांगतं. तेव्हा सही केली असली तरी हक्क सोडला असा त्याचा अर्थ होत नाही.

मात्र हे सगळं झालं कायद्याने दिलेल्या पैशांबद्दल. कंपनीने आपणहून वर काही दिलं असेल, तर त्याचा हिशेब वेगळा. २६ आठवड्यांपुढची जादा पगारी रजा, रुजू झाल्यावर मिळणारा बोनस, नोकरीत येताना दिलेला ‘जॉइनिंग बोनस’ या गोष्टींवर कंपनी अटी घालू शकते आणि त्या मोडल्या तर पैसे मागू शकते. म्हणून वसुलीचं पत्र आलं की पहिला प्रश्न विचारायचा : यातली रक्कम कायद्याची किती आणि कंपनीच्या पॉलिसीची किती? ही फोड लेखी मागा. पुष्कळदा इथेच सूर बदलतो.

खरी काळजी घ्यायची ती राजीनाम्याच्या तारखेची. समजा, रजा १ जानेवारी २०२६ ला सुरू झाली. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. यात रविवारही धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने बी. शाह खटल्यात १९७७ मध्येच सांगितलं आहे. म्हणजे रजा १ जुलैला संपते. एप्रिलमध्ये राजीनामा देऊन ‘आजपासून मोकळं करा’ म्हटलं, तर उरलेल्या आठवड्यांच्या पगारावर कंपनी वाद घालणार. कंत्राटाची मुदत रजेच्या काळात संपली तरी लाभ पूर्ण द्यावा लागतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टरच्या बाजूने दिला; पण मुदत संपणं वेगळं आणि स्वतः राजीनामा देणं वेगळं. हा वाद ओढवून घ्यायचं कारण नाही. नोकरीचा शेवटचा दिवस रजा संपल्यानंतरचाच ठेवा.

नोटीस पीरियड हा दुसरा अडथळा. तो रजेच्या काळात चालतो की रजेनंतरच मोजायचा, हे नेमणूकपत्रावर अवलंबून असतं. रजेनंतरच मोजायचा असेल, तर तेवढे दिवस काम करावं लागेल किंवा तेवढा पगार भरावा लागेल. हा पैसा कंपनी मागू शकते. ‘रजेचा पगार परत’ आणि ‘नोटीसचा पगार’ यांची गल्लत मात्र होऊ देऊ नका. आणखी एक : रजा चालू असताना दुसरीकडे नोकरी धरली, तर त्या काळातल्या लाभावरचा हक्क जातो.

ग्रॅच्युइटीकडे तर बहुतेकींचं लक्षच जात नाही. प्रसूती रजेचे २६ आठवडे सलग सेवेतच मोजले जातात. चार वर्षं आठ महिने झाल्यावर रजेवर गेलेली बाई परतली नाही, तरी रजा संपेपर्यंत तिची पाच वर्षं पूर्ण झालेली असतात. घाईने दिलेला राजीनामा इथेही नुकसान करतो.

ज्यांचा ईएसआय कापला जातो, त्यांना लाभ ईएसआय महामंडळ देतं. तिथे ७० दिवसांच्या वर्गणीची अट आहे. पैसे मालकाने दिलेलेच नसल्याने त्याने ते परत मागायचा प्रश्नच नाही. इतर सर्व ठिकाणी मात्र पूर्ण बोजा मालकावर पडतो आणि अशा बाँडचं मूळ त्यात आहे. ब्रिटनमध्ये मालक ३९ आठवडे वैधानिक प्रसूती वेतन देतो आणि त्यातला मोठा भाग सरकारकडून परत मिळवतो. तिथेही बाई परतली नाही तरी वैधानिक वेतन तिचंच राहतं; कंपनीने वर दिलेलं तेवढं करारानुसार मागता येतं. मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या खर्चाचा भार सरकारनेही उचलावा, अशी भूमिका मांडली होती. पुढच्याच वर्षी कायदा झाला, पण भार मालकावरच राहिला. मालकाची ही तक्रार रास्त असेल, तर त्याने ती सरकारकडे करावी. बाळंतिणीच्या पगारातून तिची भरपाई करून घेणं बेकायदा आहे.

तुमच्यावर ही वेळ आली तर फोनवर काही कबूल करू नका. सगळं ईमेलवर आणा, वसुली कुठल्या कलमाखाली ते विचारा, आणि नेमणूकपत्र, रजेचा मंजुरी मेल, पगाराच्या स्लिपा ऑफिसचा लॉगिन बंद व्हायच्या आत स्वतःकडे उतरवून ठेवा. हिशेबातून पैसे कापले किंवा रिलीव्हिंग लेटर अडवलं, तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज करा.

(पुढील लेखांकात : परत रुजू होणाऱ्यांसाठी पाळणाघराची तरतूद)