खांबाच्या बेसिनमागे काय चालते?

घरात खांबाचे बेसिन घ्यावे काय? खांब बेसिनचा थोडा भार पेलतो, खालची नळी झाकतो, दिसायलाही सुबक. पण त्या झाकलेल्या नळीकडे पाहा. ती मुद्दाम वाकवलेली असते. बाकात अडलेले पाणी गटारातील वायूंना बूच घालते. १७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने शौचकूपासाठी असाच बाक योजला होता.

आता बीड जिल्ह्यातला टंचाईचा उन्हाळा घ्या. टँकरचे पाणी, हात धुणे अंगणात तांब्याने. बेसिन आठवडेच्या आठवडे कोरडे. बाकातले पाणी वाफ होऊन उडते नि घरात दुर्गंधी शिरते. भिंतीवरच्या बेसिनचेही तेच; मात्र तिथे नळी उघडी, तपासायला सोपी. अशा दिवसांत भाजी धुतलेले तांब्याभर पाणी अधूनमधून बेसिनमध्ये ओता.