औषधांचं पासबुक

चेन्नईच्या एग्मोर भागात, पँथियन रोडवर, तमिळनाडू मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनचं मुख्य कार्यालय आहे. इथे रुग्ण तपासले जात नाहीत. राज्यातल्या सरकारी दवाखान्यांसाठी औषधं आणि उपकरणं विकत घ्यायची, ती पारखायची आणि वेळेवर पोचवायची, एवढंच इथलं काम. सरकारी आरोग्यव्यवस्था भक्कम कशी करावी, हे मात्र नव्या रुग्णालयांच्या कोनशिलांपेक्षा हे रुक्ष कार्यालय जास्त चांगलं शिकवतं.

1994 साली राज्य सरकारने कंपनी कायद्याखाली हे महामंडळ स्थापलं आणि 1995 पासून पुरवठा सुरू झाला. या उभारणीशी आर. पूर्णलिंगम या सनदी अधिकाऱ्याचं नाव जोडलं जातं. खात्याच्या फायलींच्या उतरंडीतून खरेदी बाहेर काढायची, पण सरकारच्या हातातून सोडायची नाही, हा त्यामागचा विचार. खरेदी थेट उत्पादकांकडून, मध्यस्थ नाही. औषधं कंपनीच्या नावाने नव्हे, मूळ द्रव्याच्या नावाने. निविदेची पाकिटं दोन: आधी कंपनीची पात्रता तपासायची आणि त्यात उतरेल तिचंच दराचं पाकीट उघडायचं. यादीही आटोपशीर ठेवली. राज्यभराची मागणी मोजक्या औषधांवर एकवटली की दर उतरतात, हे कुठलाही घाऊक व्यापारी सांगेल.

पण या व्यवस्थेतली मला सर्वांत आवडलेली वस्तू म्हणजे पासबुक. प्रत्येक दवाखान्याच्या नावावर वर्षाच्या औषधांची रक्कम मांडलेली असते. प्राथमिक आरोग्य केंद्राने आपली मागणी जिल्ह्याच्या गोदामात द्यायची, माल उचलायचा आणि तेवढी रक्कम पासबुकातून वजा व्हायची. औषधांच्या तरतुदीतला साधारण नव्वद टक्के वाटा महामंडळामार्फत खर्च होतो. उरलेल्या दहा टक्क्यांत अडीनडीला स्थानिक खरेदी करता येते. भाव चेन्नईत ठरतो, पण काय हवं आणि किती हवं ते खालचा डॉक्टर आणि औषधनिर्माता ठरवतो. ‘वरून आलं ते घ्या’ या सरकारी शिरस्त्याला यामुळे चाप बसला. नियोजन हा शब्द आपल्याकडे मंत्रालयातल्या सादरीकरणांना चिकटला आहे. इथे ते आरोग्य केंद्रातल्या कपाटापासून सुरू होतं.

दुसरी गोष्ट दर्जाची. गोदामात आलेला माल लगेच वाटत नाहीत, वेगळा ठेवतात. प्रत्येक बॅचचे नमुने काढून त्यांवरची कंपनीची ओळख झाकली जाते, सांकेतिक क्रमांक घातला जातो आणि मगच ते प्रयोगशाळेकडे जातात. आपण कोणाची गोळी तपासतो आहोत, हे तपासणाऱ्याला ठाऊक नसतं. पास झालेला मालच दवाखान्यांकडे निघतो. माल नापास झालेल्या कंपन्यांवर काळ्या यादीची टांगती तलवार असते. गोळ्यांच्या पट्टीवरच सरकारी पुरवठ्याची खूण छापलेली, त्यामुळे माल मागच्या दाराने दुकानात विकणं अवघड.

आणि पैसे! माल पास झाला की उत्पादकाचं बिल वेळेत चुकतं करायचं, ही शिस्त महामंडळाने सुरुवातीपासून धरली. तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. सरकारकडून पैसे कधी येतील याचा भरवसा नसला की पुरवठादार ती जोखीम दरात मिळवतो, किंवा निविदाच भरत नाही. म्हणजे आरोग्यातली गुंतवणूक किती कोटींची, इतकंच ती किती तारखेला हातात पडते, हेही महत्त्वाचं.

महामंडळ निर्दोष आहे असं नाही. लेखापरीक्षकांनी त्याच्यावरही आक्षेप घेतले आहेत. तरीही त्याचा कित्ता इतरांनी गिरवला. केरळने 2008 मध्ये आपलं महामंडळ कामाला लावलं. राजस्थानने 2011 मध्ये ते स्थापलं आणि त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला मोफत औषध योजना सुरू केली. औषध खरोखर मिळतं हे कळल्यावर तिथल्या सरकारी ओपीडीत गर्दी वाढली. लोक सरकारी दवाखाना टाळतात ते डॉक्टरच्या अभावामुळे जितकं, तितकंच ‘बाहेरून आणा’च्या चिठ्ठीमुळे.

ही चिठ्ठी महाराष्ट्राला काही नवी नाही. 2017 मध्ये आपल्याकडे सरकारी औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली गेली. लस तयार करणाऱ्या संस्थेच्या गळ्यात राज्यभराच्या खरेदीचं लोढणं आलं आणि विलंबाच्या तक्रारी थांबल्या नाहीत. मग 2023 मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बालकं होती. औषधांच्या टंचाईचा आरोप झाला, सरकारने तो फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सुनावणीत प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नाही, हा मुद्दाही आला. कायदा होता, नाव होतं, फक्त खुर्चीवर पूर्णवेळ माणूस नव्हता. पुढचं अंदाजपत्रक येईल तेव्हा आरोग्याची तरतूद किती वाढली यासोबत आणखी तीन आकडे मागावेत: किती बॅचेस नापास झाल्या, पुरवठादारांची बिलं किती दिवसांत निघाली आणि बाहेरच्या चिठ्ठ्या किती लिहिल्या गेल्या.