अनुस्वार कुठे गेला?

आपल्या मंडळाच्या ई-अंकातल्या चित्रांची जबाबदारी यंदा माझ्याकडे आली. सिल्वासात वायफायवर अंक पटकन उघडतो. पण खानवेलच्या पलीकडे राहणाऱ्या मैत्रिणीच्या मोबाइलवर उघडता उघडत नाही. म्हणून मी सगळी चित्रं दाबून लहान केली. त्यात माझ्या आजीच्या जुन्या पत्राचा स्कॅनही होता. आजोबांविषयी तिनं लिहिलं होतं 'त्यांचा निरोप'. कच्च्या प्रतीत ते झालं 'त्याचा निरोप'! एक ठिपका गेला आणि आजीनं जपलेला मान गेला.

मग नीट वाचायला बसले. लक्षात आलं ते इतकंच, की चित्रात काय आहे ते पाहून फॉरमॅट निवडायचा.

जेपेग (१९९२) चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे गाळतो. फेस्ताच्या फोटोंना ते चालतं, अक्षरांना नाही. अक्षरांच्या कडांभोवती धूसर डाग येतात, बारीक ठिपके पुसट होतात. तीच फाइल पुन्हा पुन्हा सेव्ह केली की नुकसान वाढत जातं.

पीएनजी (१९९६) काहीच गाळत नाही. रेषाचित्रं आणि स्क्रीनशॉटसाठी उत्तम, पण फोटो फार जड होतात.

गूगलने २०१० मध्ये आणलेल्या वेबपीत दोन्ही सोयी आहेत, गाळणारी आणि न गाळणारी. गाळणाऱ्या पद्धतीत रंगाची माहिती उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्मीच ठेवतात. त्यामुळे गेरूच्या भिंतीवरच्या पांढऱ्या वारली रेषांच्या कडा मळकट दिसू शकतात.

एव्हीआयएफ (२०१९) हा एव्ही१ या व्हिडिओ तंत्रातून आला. फोटो बहुधा यातच सर्वांत लहान होतो. पण फार दाबला तर मातीच्या भिंतीचा खरखरीतपणा जातो आणि ती प्लास्टिकसारखी गुळगुळीत दिसते.

जेपेग एक्सएल जुन्या जेपेगमधलं काहीही न गमावता त्याचा आकार सुमारे २० टक्के कमी करू शकतो. मात्र क्रोमने त्याचा प्रायोगिक आधार २०२३ मध्ये काढला, तर सफारीने त्याच वर्षी तो स्वीकारला. त्यामुळे केवळ त्याच्यावर विसंबता येत नाही.

शेवटी मी काय केलं? फोटो एव्हीआयएफमध्ये ठेवले आणि 'पिक्चर' टॅगमध्ये जुन्या ब्राउझरसाठी जेपेगही दिला. वारली भिंतीचा फोटो कमी दाबला, रंगाची माहिती पूर्ण ठेवली. पत्र करड्या १६ छटांत आणून न गाळणाऱ्या वेबपीत साठवलं. कागदाचा पिवळेपणा गेला, पण अनुस्वार राहिला. मूळ स्कॅन मात्र वेगळा जपून ठेवलाय, कारण एकदा गाळलेलं परत मिळत नाही.

तुम्ही अंकासाठी हस्ताक्षर पाठवाल, तेव्हा व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर माझ्याकडे पोचण्याआधीच एखादा अनुस्वार वाटेत सांडलेला असेल.