मध्यबिंदू आहे तोवर

घरी स्पीकर बनवताना पेटी जोडणं फारसं जड जात नाही. सरळ काप प्लायवूडवाला करून देतो, पुढचं फेव्हिकॉल आणि क्लॅम्प सांभाळतात. खरी कसोटी दर्शनी फळीवरच्या गोल भोकाची. त्यात बसणाऱ्या ड्रायव्हरचा कोन हलला की त्याच्या पुढून आणि मागून एकमेकींच्या उलट लाटा निघतात. त्या एकत्र आल्या तर खर्ज विरून जातो. बंद पेटी त्यांना वेगळं ठेवते, आणि भोकाची कड नीट नसेल तर तिथूनच हवा गळते. म्हणून या कामाला मी पुरेसा वेळ देतो.

‘साडेसहा इंची’ हे ड्रायव्हरचं नाव. त्यावरून भोक पाडता येत नाही. माझ्यासमोरच्या ड्रायव्हरची फ्रेम 165 मिमी आहे, भोक 145 मिमीचं लागतं. फ्रेम फळीच्या पातळीत बसावी म्हणून भोकाभोवती 166 मिमी व्यासाची, 4 मिमी खोल खाच हवी. कागदावरची मापं व्हर्नियरने एकदा पडताळून घ्यायची.

फळी 18 मिमी एमडीएफची. जिगसॉनेही भोक पडतं, पण जाड फळीत पातं खाली वाकतं आणि कड तिरकी होते. राउटर कड काटकोनात ठेवतो. त्याच्या तळाला अ‍ॅक्रिलिकची पट्टी आवळायची आणि पट्टीतली पिन फळीच्या मध्यबिंदूत रोवायची. त्या पिनेभोवती राउटर कर्कटकासारखा फिरतो.

आता क्रम महत्त्वाचा. भोक आरपार झालं की मधली चकती सुटते आणि तिच्याबरोबर मध्यबिंदूही जातो. नंतर खाच काढायची म्हटली तर पिन रोवायला जागाच उरत नाही. म्हणून आधी मोठं वर्तुळ, मग लहान. आधी उथळ, मग खोल. बिट 6 मिमीचा, म्हणजे त्याची निम्मी जाडी त्रिज्येतून वजा करायची. खाचेची त्रिज्या 83, तर पिनेपासून बिटच्या मध्यापर्यंत अंतर 80 मिमी. दुसरी फेरी 75 वर. शेवटी भोकासाठी 69.5. हे आकडे आधी टाकाऊ तुकड्यावर कापून पाहायचे आणि ड्रायव्हर त्यात ठेवूनच खात्री करायची.

एका फेरीत साडेतीन-चार मिमीपेक्षा जास्त खोल जायचं नाही. राउटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की बिट बाहेर ओढ घेतो आणि पट्टी पिनेवर ताणलेली राहते. आवाज एकसारखा असेल तर वेग बरोबर आहे. आवाज जड झाला तर हात जोर करतोय; जळका वास आला तर बिट एका जागी रेंगाळतोय. एमडीएफचा भुसा पिठाहून बारीक आणि त्यात राळ असते, त्यामुळे चांगला मास्क आणि व्हॅक्यूम हवेतच. शेवटच्या फेरीआधी चकती खालच्या टाकाऊ फळीला दुहेरी चिकटपट्टीने धरून ठेवलेली असावी, नाहीतर ती सुटताना बिटमध्ये अडकून कड खराब करते.

इतकं झाल्यावर फळी उलटायची. खाचेखाली 14 मिमी लाकूड उरलेलं असतं आणि कोनच्या मागची हवा त्या बोळातून जाते. मागची कड 45 अंशात उतरवली की तिला वाट मोकळी होते. मात्र स्क्रूंच्या जागी लाकूड पूर्ण जाडीचं ठेवायचं, कारण एमडीएफमधले आटे सारखे काढघाल केल्याने झिजतात. कापलेली कड ओल शोषून फुगते. तिला सँडिंग सीलरचे दोन हात द्यावेत.

फोमची गॅस्केट घालून ड्रायव्हर आवळला की कोन सगळ्या बोटांनी सारखा, हलकेच आत दाबून सोडावा. तो सावकाश जागेवर आला तर पेटी हवा धरून आहे. झटकन आला तर गळती शोधायला सुरुवात या कडेपासूनच करावी.