हप्ता चालू, गाडी बदलू?

२२ सप्टेंबर २०२५ला छोट्या मोटारींवरचा जीएसटी उतरला. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी उपकर धरून २९ टक्क्यांत बसत होती, ती १८ टक्क्यांवर आली. शोरूमवाल्यांचे फोन सुरू झाले. ‘एक्स्चेंजला आणा, चालू लोनचं आम्ही बघतो.’ हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या ज्या घरात गाडी तीन वर्षांची आणि कर्ज सात वर्षांचं आहे, तिथे हा फोन आला की रात्रीच्या जेवणावर दुसरा विषय राहत नाही. नवी गाडी स्वस्त झाली, जुनीला गिऱ्हाईक आहे, हप्ता दोन-तीन हजारांनीच वाढणार. मग अडतंय कुठे?

अडतं ते हप्त्याकडे बघण्यात. हप्ता परवडतो की नाही हा नव्या गाडीचा हिशेब झाला. जुनी सोडायची की नाही हे ठरवणारे आकडे दोनच: आज बँकेचं किती देणं आहे आणि आज गाडीचे किती येतील.

तीन वर्षांनंतरचा ताळेबंद

समजा, तीन वर्षांपूर्वी एक्स-शोरूम ८ लाखांची गाडी घेतली. लाइफ टॅक्स आणि विमा खिशातून भरला, ८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढलं. हप्ता १२,८७१ रुपये. तीन वर्षांत ३६ हप्ते म्हणजे ४ लाख ६३ हजार भरून झाले. त्यातले १ लाख ८१ हजार व्याजात गेले, मुद्दल फिटलं २ लाख ८३ हजार. बाकी देणं ५ लाख १७ हजार.

आता गाडीकडे वळू. विमा कंपन्या घसाऱ्याचा जो तक्ता वापरतात, त्यात सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३० आणि तीन ते चार वर्षांना ४० टक्के घट धरतात. ही घट तुम्ही मोजलेल्या किमतीवर लागत नाही. त्याच मॉडेलच्या आजच्या किमतीवर लागते. इथेच जीएसटीची कपात जुन्या मालकाच्या अंगावर येते. पूर्ण कपात गिऱ्हाइकापर्यंत पोहोचली आणि किमतीत दुसरा काही बदल झाला नाही असं धरलं, तर ८ लाखांची ती गाडी आज ७ लाख ३२ हजारांना मिळते. तिच्यातून ४० टक्के गेले की उरतात ४ लाख ३९ हजार. बाजारात मागणी असलेल्या मॉडेलला याहून बरे पैसे येतात, पडून राहणाऱ्याला कमी. पण घरी बसून अंदाज बांधायला हा तक्ता पुरतो.

कर्ज मुदतीआधी मिटवायचा आकारही मोजायला हवा. बदलत्या दराने घेतलेल्या वैयक्तिक कर्जावर बँकेला असा आकार लावता येत नाही. मोटारीची बरीच कर्जं मात्र स्थिर दराची असतात आणि तिथे करारात लिहिलं असेल ते द्यावं लागतं. ४ टक्के आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर २४ हजार रुपये होतात. म्हणजे बँकेला एकूण ५ लाख ४२ हजार द्यायचे आणि गाडीचे येणार ४ लाख ३९ हजार. गाडी हातची जाऊन वर लाखभर रुपये आपणच भरायचे.

हीच गाडी, हाच दर, फक्त मुदत पाच वर्षांची असती तर? हप्ता १६,६०७, म्हणजे महिन्याला पावणेचार हजार जास्त. पण तीन वर्षांनी बाकी देणं ३ लाख ६४ हजार. आकार धरून ३ लाख ८१ हजार देऊन टाकले तरी हातात ५८ हजार राहतात. शोरूमच्या टेबलावर ‘सर, सात वर्षं करू, हप्ता हलका होईल’ या वाक्याला मान डोलावली, त्याच मिनिटाला तिसऱ्या वर्षी गाडी बदलण्याची मोकळीक गेली होती.

‘आम्ही बघतो’ म्हणजे काय

एक्स्चेंजवाला हा लाखभराचा खड्डा स्वतःच्या खिशातून भरत नाही. एक तर जुन्या गाडीची किंमत चढवून दाखवतो आणि नवीवरची सूट तेवढी आखडतो, नाही तर नव्या गाडीला वाढीव कर्ज बसवतो. दुसऱ्या प्रकारात विकलेल्या गाडीचं देणं नव्या गाडीच्या हप्त्यात शिरतं आणि पुढची सात वर्षं व्याज खातं. म्हणून जुनीची किंमत आणि नवीवरची सूट हे दोन आकडे वेगवेगळे, कागदावर मागून घ्यावेत.

त्यात तेलंगणाचा लाइफ टॅक्स. ५ ते १० लाखांच्या मोटारीला तो १४ टक्के आहे. त्यावरच्या किमतींना आणखी चढा. १० लाखांच्या गाडीवर १ लाख ४० हजार झाले. जुन्या गाडीवर भरलेला टॅक्स गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो, तो परत मिळत नाही. शिवाय एका माणसाच्या नावावर दुसरी मोटार नोंदवताना इथे २ टक्के जास्त पडतात. जुनी विकली पण आरसी अजून आपल्याच नावावर, अशा अवस्थेत नवीची नोंदणी केली तर १० लाखांवर २० हजार उगाच जातात. एकूण बघितलं तर नवी गाडी शोरूमच्या उतारावरून खाली यायच्या आत जुन्याचा खड्डा आणि नव्याचा टॅक्स मिळून अडीच लाखांच्या आसपास गेलेले असतात.

कागद कोणाच्या हातात

कर्ज चालू असलेल्या गाडीच्या आरसीवर मालकाबरोबर बँकेचंही नाव असतं. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१प्रमाणे बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकी बदलत नाही. म्हणून जुन्या गाड्यांचा इथला एजंट गाडीभोवती फेरी मारायच्या आधीच विचारतो, ‘लोन चालू है क्या साब? फिर पहले बैंक का कागज होना.’

तो कागद मिळवण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी बँकेकडून कर्ज मिटवण्याचं पत्रक घ्यायचं. त्यात अमुक तारखेपर्यंत किती भरायचे ते असतं. १ ऑक्टोबर २०२४नंतर मंजूर झालेलं कर्ज असेल तर सगळे आकार त्याच्या मुख्य तथ्य पत्रकात आधीच छापलेले असतात, ते काढून ताडून बघावं. पैसे भरले की एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बँकेचं नाव उतरवायचं. मग फॉर्म २९ आणि ३० भरून मालकी बदलायची. एनओसी कपाटात ठेवून विसरू नये; बँका तिला साधारण तीन महिन्यांची मुदत घालतात.

हैदराबादच्या मराठी घरांत आणखी एक वाट नेहमी निघते: ‘बाहेर कशाला विकता, नांदेडच्या भाच्याला द्या.’ भाच्याला जरूर द्यावी, पण राज्य बदललं की फॉर्म २८ची एनओसी इथल्या आरटीओकडून आणि त्यासाठी बँकेची संमती लागते. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहणाऱ्या गाडीला तिथला नंबर घ्यावाच लागतो आणि महाराष्ट्राचा कर भाच्याला वेगळा पडतो. ‘हप्ते तू भर, नाव नंतर बदलू’ हा घरगुती करार सगळ्यात महाग. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. गाडी तीन हात फिरली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते.

विम्याची एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षं दावा नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत चढतो. गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्यावं आणि नव्या गाडीच्या पॉलिसीत लावावं.

मग कधी बदलावी

गाडी वरचेवर गॅरेजला जाऊन वर्षाची दुरुस्ती हप्त्यांच्या बरोबरीला आली, घरात व्हीलचेअर आली, पाचाची माणसं सात झाली, तर तोटा सोसूनही बदलणं रास्त आहे. दुसरा अपवाद विजेच्या गाडीचा. तेलंगणात ३१ डिसेंबर २०२६पर्यंत तिला लाइफ टॅक्स आणि नोंदणी शुल्क माफ आहे, त्यामुळे वरच्या हिशेबातला १ लाख ४० हजारांचा बोजा गळून पडतो. पण गाडी रात्री गल्लीत उभी राहत असेल तर चार्जिंगची वायर कुठून ओढणार, हे बुकिंगच्या आधी ठरवावं.

बाकी बहुतेकांची अडचण एवढीच असते की शेजाऱ्याकडे मोठी गाडी आली. केशव मेमोरियल शाळा सुटायच्या वेळी ती मोठी गाडी गल्लीतून काढून दाखवा म्हणावं. फेब्रुवारी २०२०पासून नारायणगुड्याला मेट्रो आहे; परेड ग्राउंडला गाडी बदलून रायदुर्गपर्यंत जाता येतं. ज्यांनी ऑफिसची वाट मेट्रोवर टाकली, त्यांची मोटार आठवडाभर घराखाली उभी असते. इतकी कमी चाललेली गाडी तिसऱ्या वर्षी म्हातारी होत नाही.

खड्डा भरायला जो लाख रुपया काढणार होतो, तोच कर्जाच्या मुद्दलात भरला तर? वरच्या सात वर्षांच्या कर्जात हप्ता तोच ठेवून उरलेले ४८ हप्ते ३८वर येतात आणि व्याजाचे जवळपास ३८ हजार वाचतात. अर्धवट परतफेडीला आकार असेल तर तेवढा वजा करायचा. कर्ज फिटलं की हप्ता बंद करू नये. तेच १२,८७१ रुपये दर महिन्याला स्वतःच्या खात्यात वळवावेत. दोन वर्षांत ३ लाख ९ हजार जमतात, व्याज येईल ते वेगळं. त्यात बोजा नसलेल्या गाडीची किंमत मिळवली की पुढच्या खेपेला कर्ज छोटं आणि मुदत तीन-चार वर्षांची घेता येते. शोरूमचा फोन तेव्हाही येईलच. त्या वेळी जुन्या गाडीची किंमत त्याच्याकडून रोख मागता येईल.