शाळा ‘आपली’ केव्हा वाटते?

स्नेहसंमेलन आले की हायस्कुलात एक वाक्य हमखास कानी पडते. “शाळेचा अभिमान बाळगा!” पाहुणे सांगतात, मुख्याध्यापक सांगतात, माजी विद्यार्थी तर हात उंचावून सांगतात. आम्ही मुर्रीची दहावीतली मुले-मुली मंडपात मागच्या सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतो. त्या टाळ्या खोट्या नसतात. आम्हालाही शाळा आवडते. पण अभिमान नुसता सांगून येतो का? की तो यायला शाळेत आपली काही जागा असावी लागते? हाच प्रश्न आज या पानावर आईबाबांपुढे, मामा-मावशींपुढे मांडायचा आहे.

आमची मुर्री गोंदियाला लागूनच. गाव म्हणावे तर शहर दिसते, शहर म्हणावे तर पावसाळ्यात बांध्या दिसतात. आम्ही शिकायला गोंदियाच्या हायस्कुलात जातो, कोणी सायकलने, कोणी पायी. शाळेचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण आम्ही सांगतो ते एका शाळेपुरते नाही, हे दुसऱ्या शाळांतल्या मैत्रिणींशी बोललो तेव्हा कळले. आमच्या वर्गात कोणाच्या घरी पोवारी बोलतात, कोणाच्या घरी हिंदी, कोणाच्या घरी छत्तीसगढी, आमच्या घरी आमची झाडीकडची मराठी. मधल्या सुट्टीत या सगळ्यांची मिळून एक वेगळीच बोली तयार होते. तिच्यात भांडण फार छान जमते!

म्हणजे वर्गात दुरावाच आहे असे नाही. दुरावा येतो तो वेगळ्या वाटेने, आणि त्यातली एक वाट कोणाच्या लक्षातही येत नाही. ती वाट म्हणजे शाळेचे वेळापत्रक.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. पाठोपाठ जुलैत रोवणी लागते. पऱ्हे उपटणे, चिखलात वाकून रोवणे हे बायांचे काम. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी स्वतःची शेती नाही, पण आई रोवणीच्या मजुरीला जाते. ते दिवस सोडले तर वर्षभर तशी सलग मजुरी मिळत नाही. मग घरची लहान भावंडे कोणी पाहायची? पोरीने. मोठा मुलगा असेल तर तोही पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहायला जातो. पंधरा दिवस, तीन आठवडे शाळा बुडते.

आणि नेमके याच दिवसांत शाळेत सगळे ठरते. वर्गप्रमुख ठरतो, कबड्डी आणि खो-खोच्या संघासाठी नावे घेतली जातात, परिपाठाचे गट पडतात, संमेलनाच्या समितीत कोण हे सुद्धा तेव्हाच लिहिले जाते. आम्ही ऑगस्टमध्ये परत येतो तेव्हा फळ्याशेजारी यादी लागलेली असते. तिच्यात आम्ही नसतो. कोणी आम्हाला मुद्दाम गाळलेले नसते, हजर होते त्यांची नावे लागली एवढेच. पण मग वर्षभर ऐकावे लागते, “मुर्रीची मुले कशात भागच घेत नाहीत!” ज्या मुलाने सकाळची घंटा एकदाही वाजवली नाही, ज्याला कोणी झेंड्याची दोरी धरायला बोलावले नाही, त्याला त्या घंटेचा आणि झेंड्याच्या खांबाचा लळा कुठून लागणार?

दुसरी गोष्ट शिष्यवृत्तीच्या यादीची. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी राज्याची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे, नववी-दहावीसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे. या सवलती कोणी भीक म्हणून दिलेल्या नाहीत. 1990 साली केंद्राने बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीत धरले, त्यामागे किती वर्षांची मागणी होती हे आमच्या आजोबांना विचारा. पण ती यादी वर्गात कशी वाचली जाते? भर तासाला कोणीतरी दारातून डोकावून म्हणते, “स्कॉलरशिपवाले उभे राहा. जातीचा दाखला कोणाचा राहिला? बँकेचे खाते कोणाचे राहिले?” साठ डोळे वळतात. सकाळी परिपाठात याच वर्गाने एका सुरात संविधानाची उद्देशिका म्हटलेली असते. 26 जानेवारी 2020 पासून ती शाळाशाळांतून रोज म्हणावी असे शासनाने ठरवले. उद्देशिकेतला ‘बंधुता’ हा शब्द म्हणून झाल्यावर तासाभरात एका बाकावरचे दोन मित्र, एक उभा आणि एक बसलेला, असे वेगळे होतात. आमच्यातल्या एकीने तर दोन वेळा उभे राहायचे टाळले, आणि तिचा अर्जच राहिला. एक चिठ्ठी हातात दिली तर काम होणार नाही का?

डब्याचे पण असेच. आठवीपर्यंत शालेय पोषण आहार असतो. खिचडी पातळ असो की करपलेली, सगळे एका ओळीत बसतात आणि एकाच पातेल्यातले खातात. नववीत ती पंगत संपते. मग ज्याचा त्याचा डबा, आणि डब्याबरोबर ज्याचा त्याचा घोळका. कोणाच्या डब्यात काय, कोण कोणाच्या डब्याला हात लावत नाही, हे दोन दिवसांत समजते. काही जण डबाच आणत नाहीत आणि सुट्टीत नळावर उभे राहतात. जेवणाच्या योजनेचा उपयोग पोट भरण्यापुरता मोजतात. ती ओळ मोडली की काय जाते, हे आम्हाला नववीत कळले.

आणि एक गोष्ट आहे, ती सांगताना हसूही येते आणि रागही येतो. 14 एप्रिल किंवा 6 डिसेंबर जवळ आला की सर आमच्याकडे बघतात. “तुमच्या बाबासाहेबांवर तू बोल.” तुमच्या! शिवजयंतीला असे कोणी विचारत नाही, सावित्रीबाईंच्या जयंतीला विचारत नाही. आम्हाला बाबासाहेबांवर बोलायला आवडते, विहारात लहानपणापासून बोलतो. पण यंदा आमच्यातल्या एकाने वर्गशिक्षकांना विनंती केली की मला 19 फेब्रुवारीला शिवाजी महाराजांच्या शेतीविषयक धोरणावर बोलू द्या आणि 14 एप्रिलला शेजारच्या बाकावरच्या पोवारांच्या मुलाला बोलू द्या. सर थोडे थांबले, मग “बघू” म्हणाले. तो पोवारांचा मुलगा मात्र तयार आहे. त्याने विहाराच्या कपाटातले पुस्तक नेले आहे आणि अजून परत केलेले नाही!

त्याला त्या पुस्तकात जे सापडले ते आम्हीही नव्याने वाचले. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. 2017 पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या शाळेत बसायला घरचे गोणपाट न्यावे लागे आणि नळाला हात लावता येत नसे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात सरांनी फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून मुले ते उचलायला धावली. हायस्कूल सरकारी, मुंबईचे, नावाजलेले. तरी वर्ग आपला नव्हता. याच काळात चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष गेले. केळुसकर त्या शाळेचे नव्हते, विल्सन हायस्कुलात शिकवत. 1907 साली मॅट्रिक झाल्यावर सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाच्या हाती दिले. त्या एका मास्तराने मुलाला नावाने ओळखले, काय वाचतो ते विचारले. आम्ही शाळेकडून जे मागतो ते याहून फार मोठे नाही.

आता थोडे घरच्यांशी. रागावू नका, पण सगळा दोष शाळेवर टाकून चालणार नाही. सराव संध्याकाळी पाचनंतर असतो. तालुका, जिल्हा, विभाग असे पुढे जायचे तर थांबावे लागते. मुलगा थांबला तर चालते, मुलगी थांबली तर दारात प्रश्न. अंधार पडतो हे खरे, काळजी खरी. पण मुर्रीकडे येणाऱ्या मुली चार-पाच आहेत. एका दिवशी एकीचे बाबा, दुसऱ्या दिवशी दुसरीचा दादा असे कोणी आणायला आले तर एकाही मुलीचा खेळ सुटणार नाही. मोहल्ल्यातल्या बायांनी रोवणीला जाण्याच्या पाळ्या ठरवल्या, बचतगटाच्या पाळ्या ठरवल्या, मग ही एक पाळी जड आहे का?

तसेच पालकसभेचे. आई म्हणते, “मजुरी बुडवून तिथे जाऊन मी काय बोलू?” आई, तू बोलू नकोस, नुसती समोरच्या खुर्चीवर बैस. आमच्या घरून शाळेत कोणी येते ते दाखला काढायला किंवा निकालाला. ज्यांचे आईबाप सभेला येतात त्यांची नावे सरांच्या तोंडी बसतात, हे आम्ही रोज पाहतो. आठवीपर्यंतच्या शाळांत व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असा 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचा नियम आहे. हायस्कुलात पालक-शिक्षक संघ असतो. तिथे मुर्रीचे एकही नाव नाही, आणि त्यासाठी कोणी अडवलेले नाही.

तक्रारपेटीचेही सांगून टाकतो. 2017 पासून ती प्रत्येक शाळेत असावी असा शासनाचा आदेश आहे. आमच्याकडे आहे, ऑफिसच्या दारालाच लावली आहे. तिथे चिठ्ठी टाकायला जो धैर्य करील तो तोंडानेच सांगेल!

म्हणून आम्ही पेटीत काही टाकले नाही. सरळ मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहिला. वर्गप्रमुख, संघ आणि समित्यांची निवड रोवणी आटोपल्यावर, 15 ऑगस्टनंतर करावी, आणि शिष्यवृत्तीची सूचना वर्गात न वाचता चिठ्ठीने द्यावी, एवढ्या दोनच मागण्या. सह्या घ्यायला फिरलो तेव्हा वाटले होते आपलीच मुले करतील. पण पहिल्या मागणीवर पोवार, कुणबी, तेली सगळ्यांच्या मुलांनी सह्या केल्या, कारण चिखलात त्यांचेही पाय असतात. शहरातल्या दोघी-तिघींनी रोवणी म्हणजे काय हे विचारून मग सही केली. दुसऱ्या मागणीवर थोडी कुजबुज झाली, तरी पान भरले. अर्ज दिला त्या दिवशी सुट्टीत आमच्या वर्गाचे सगळे घोळके पहिल्यांदाच एका झाडाखाली होते.

उत्तर अजून आलेले नाही. आम्ही तर मार्चमध्ये परीक्षा देऊन निघून जाऊ. नववीतल्या मुलींना अर्जाची प्रत देऊन ठेवली आहे, आणि पुढच्या पालकसभेला मोहल्ल्यातल्या तीन आयांनी येण्याचे कबूल केले आहे.